टॉलेमींच्या घरातली लग्नं आणि 29 टक्क्यांचा हिशेब

जानेवारी 2025 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी एका जुन्या कवटीचा निकाल लावला. तुर्कस्तानात इफेससला एका अष्टकोनी थडग्यात 1929 मध्ये ही कवटी मिळाली होती आणि 1990 च्या दशकापासून बरेच जण असं धरून चालले होते की ती क्लिओपात्राची धाकटी बहीण आर्सिनोई चौथी हिची आहे, कारण क्लिओपात्राच्या सांगण्यावरून मार्क अँटनीने तिला इ.स.पू. 41 मध्ये इफेससलाच मारवलं होतं. 2009 मध्ये तर जुन्या फोटोंवरून आणि मोजमापांवरून टीव्हीवर क्लिओपात्राचा वंश वगैरे सांगून झाला. आता डीएनए तपासला तर त्यात वाय क्रोमोसोम निघाला! म्हणजे मुलगा, वय 11 ते 14, मूळ इटली किंवा सार्डिनियाकडचं, आणि कवटीच्या वाढीत दोष असलेला.

बातमी आली तसा नेहमीचा सूरही आला, की क्लिओपात्राच्या त्या टॉलेमी घराण्यात भाऊ-बहीण लग्न करायचे त्यामुळे सगळे विकृत आणि अर्धवट निपजले. हे वाक्य शाळेपासून ऐकतोय, पण वंशवृक्ष समोर घेऊन आकडेमोड केली की गंमत वेगळीच निघते.

आधी थोडा इतिहास, तो पटकन उरकतो. इ.स.पू. 323 मध्ये अलेक्झांडर गेला आणि त्याच्या सेनापतींनी राज्य वाटून घेतलं, टॉलेमीला इजिप्त मिळालं, सेल्युकसला सीरियापासून पूर्वेकडचं. यातल्या कोणाच्याच मागे पिढीजात राजघराणं नव्हतं, म्हणून मग एकमेकांच्या मुली करून घ्यायचा सपाटा. तह झाला की लग्न. पण परक्या घरची राणी म्हणजे सोबत तिच्या माहेरचा हक्क पण येतो. इ.स.पू. 252 मध्ये दुसऱ्या टॉलेमीने आपली मुलगी बेरेनिकी भरपूर हुंडा देऊन सेल्युकसच्या नातवाला, दुसऱ्या अँटिओकसला दिली, तिला सीमेपर्यंत पोचवायला गेलेल्या लोकांपैकी आर्टेमिडोरस नावाच्या डॉक्टरचं पत्र आजही पपायरसवर वाचता येतं. सहा वर्षांत नवरा मेला, आणि आधीची बायको लाओडिकीच्या माणसांनी बेरेनिकीला लहान मुलासकट मारलं. त्यावरून दोन राज्यांत युद्ध पेटलं.

म्हणून घरातल्या घरात लग्न ही कल्पना वाटते तितकी वेडगळ नव्हती. सुरुवात केली आर्सिनोई दुसरी हिने, आणि ही बाई म्हणजे त्या काळातलं प्रकरणच. आधी थ्रेसच्या म्हाताऱ्या राजाची, लायसिमॅकसची, बायको, तो लढाईत पडल्यावर सावत्र भाऊ केरॉनोसशी लग्न, त्याने लगेच तिची दोन धाकटी मुलं मारली, मग ती पळून इजिप्तला माहेरी आली आणि इ.स.पू. 275 च्या सुमारास थेट सख्ख्या भावाशी, दुसऱ्या टॉलेमीशी लग्न लावलं. भावाची पहिली बायको आधीच तडीपार! सोटाडीस नावाच्या कवीने या लग्नावर घाण कविता केली, तर त्याला शिशाच्या पेटीत घालून समुद्रात बुडवला असं प्राचीन लेखक सांगतात. पण या जोडप्याला मूल झालं नाही, त्यामुळे गाजावाजा झाला तरी जेनेटिक्सच्या हाती काही लागलं नाही. पुढचा राजा तिसरा टॉलेमी हा त्या तडीपार बायकोचाच मुलगा.

आता माझा आवडता भाग, इथे जरा सावकाश वाचा.

आपल्या प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडून एक बाबांकडून, हे शाळेत झालंय. समजा आईच्या दोन कॉप्या लाल आणि निळी, बाबांच्या हिरवी आणि पिवळी. यांच्या मुला-मुलीने एकमेकांशी लग्न केलं आणि त्यांना मूल झालं. समजा भावाने आपल्या मुलाला लाल कॉपी दिली, तर बहिणीकडून पण लालच यायची शक्यता किती? बहिणीकडे लाल असण्याची शक्यता 1/2, असलीच तर ती पुढे देण्याची 1/2, म्हणजे 1/4. निळी-हिरवी-पिवळीचं पण हेच. म्हणजे सख्ख्या भावंडांच्या मुलाच्या साधारण 25 टक्के जीन्समध्ये दोन्ही कॉप्या एकाच मूळ कॉपीवरून उतरलेल्या असतात. या आकड्याला इनब्रीडिंग कोएफिशियंट म्हणतात, आपण त्याला आंतरप्रजनन गुणांक म्हणू. सख्ख्या चुलत किंवा आते-मामे भावंडांच्या मुलात हाच आकडा 6.25 टक्के, आणि मामा-भाचीच्या लग्नात 12.5.

पण 25 टक्के म्हणजे मूल आजारी व्हायची शक्यता 25 टक्के असं अजिबात नाही! थॅलेसेमियासारख्या आजारात एक कॉपी खराब असली तर माणूस नुसता वाहक असतो, दोन्ही खराब असल्या तरच आजार होतो. समजा फक्त त्या लाल कॉपीतच दोष आहे. मग भावाने लाल द्यायची शक्यता 1/4 आणि बहिणीने पण लालच द्यायची 1/4, म्हणजे दोन्ही लाल यायची शक्यता 1/16. आपण प्रत्येक जण असे काही लपलेले दोष बाळगून असतो त्यामुळे ही 1/16 ची लॉटरी अनेकदा काढली जाते आणि एकूण धोका बराच वाढतो हे खरं, पण लॉटरी ती लॉटरीच. पूर्वजांच्या पोतडीत कोणते दोष होते यावर सगळं अवलंबून.

आता हे टॉलेमींना लावू. तिसऱ्या टॉलेमीची बायको बेरेनिकी दुसरी, हिने देवाला केस वाहिले आणि दरबारी खगोलशास्त्रज्ञ कोनोनने ते आकाशात शोधून दिले, तोच आपला अरुंधती केश तारकासमूह. ती सायरीनीचा (आजच्या लिबियातलं) राजा मागास याची मुलगी, आणि हा मागास दुसऱ्या टॉलेमीचा सावत्र भाऊ, आई एक बाप वेगळे. (हे दोघे भाऊ आपल्याला परके नाहीत, अशोकाच्या तेराव्या शिलालेखात तुरमय आणि मग अशी ज्या यवन राजांची नावं येतात ते हेच.) म्हणजे नवरा-बायको अर्धे चुलत, मुलांचा गुणांक 1/32, किरकोळ. यांचीच मुलं चौथा टॉलेमी आणि आर्सिनोई तिसरी, सख्खे भाऊ-बहीण, यांनी लग्न केलं आणि इ.स.पू. 210 मध्ये पाचवा टॉलेमी झाला, रोझेटा शिळेवरचा राजा तो हाच. गुणांक 17/64, सुमारे 27 टक्के. घराण्यातलं भावा-बहिणीचं पहिलं मूल, मग हा तरी दुबळा असायला हवा की नाही? तर त्याच्या राजदूताने ग्रीसमध्ये जाऊन बढाई मारली की आमच्या राजाने घोड्यावरून एका भाल्यात बैल पाडला. राजदूत फुगवून सांगणार हे धरलं तरी लोळागोळा माणसाबद्दल कोणी असली थाप मारत नाही.

आणि मग पाचव्या टॉलेमीने बहिणीशी लग्न केलंच नाही. इ.स.पू. 194-193 च्या हिवाळ्यात तह म्हणून तिसऱ्या अँटिओकसची मुलगी क्लिओपात्रा पहिली त्याला दिली गेली. सेल्युकसच्या घरची पोर, नातं लांबचं. आता बघा, बाप 27 टक्के असला तरी मुलांचा गुणांक किती? एक-दोन टक्के! कारण बापाच्या दोन कॉप्या कितीही सारख्या असल्या तरी त्यातली एकच मुलाकडे जाते, दुसरी आईची आणि ती बाहेरून आलेली. पिढ्यान्पिढ्यांचा साठा एका सुनेने एका झटक्यात साफ. राजाच्या आकड्यापेक्षा राणी कुठल्या घरची ते आधी बघा, उत्तर बहुतेक तिथे असतं.

क्लिओपात्रा पहिलीची तीन मुलं, सहावा टॉलेमी, क्लिओपात्रा दुसरी आणि आठवा टॉलेमी. हा आठवा म्हणजे फिस्कॉन, ढेरपोट्या, इनब्रीडिंगचं उदाहरण म्हणून सगळीकडे याचंच नाव निघतं. रोमचा सेनापती स्किपिओ भेटीला आला तेव्हा हा झिरझिरीत कपड्यात धापा टाकत त्याच्याबरोबर चालला आणि स्किपिओ म्हणाला म्हणे की आमच्यामुळे अलेक्झांड्रियाच्या लोकांना आपला राजा चालताना तरी दिसला. पण आत्ताच काढलेला आकडा आठवा, फिस्कॉनचा गुणांक एक-दोन टक्के, आते-मामे भावंडांच्या मुलापेक्षाही कमी! त्याच्या लठ्ठपणाला भावा-बहिणीचं लग्न जबाबदार धरायचं तर गणित जमत नाही. मागास पण प्रचंड लठ्ठ होता असं लिहून ठेवलंय, आणि त्याचे आई-बाप काही भाऊ-बहीण नव्हते. नाण्यांवरचे डोळे बटबटीत दिसतात म्हणून थायरॉईडचं निदान करणारे पण आहेत, त्यांना तर नमस्कारच.

पुढचं जरा किचकट आहे. सहावा टॉलेमी आणि बहीण क्लिओपात्रा दुसरी यांनी लग्न केलं, मुलगी झाली क्लिओपात्रा तिसरी. इथे गुणांक 25 नाही तर 29 च्या आसपास येतो, कारण आजोबा म्हणजे पाचवा टॉलेमी स्वतःच 27 टक्केवाला, त्याच्या दोन कॉप्या बऱ्याच ठिकाणी सारख्याच, मग मुलाला एक आणि मुलीला दुसरी गेली तरी फरक पडत नाही. सहावा मेल्यावर फिस्कॉनने आधी त्याच बहिणीशी लग्न केलं आणि मग तिच्या मुलीशी पण. म्हणजे नवी बायको त्याची सख्खी पुतणी पण आणि सख्खी भाची पण! तिच्यातली प्रत्येक कॉपी एक तर त्याच्या भावाकडून आलेली नाही तर बहिणीकडून, तिसरं कोणी नाहीच. त्यामुळे दिसायला काका-पुतणी असले तरी जेनेटिक्सच्या हिशेबात ती सख्ख्या बहिणीइतकीच जवळची, आणि मुलांचा, नवव्या आणि दहाव्या टॉलेमीचा, गुणांक पुन्हा तोच 29. स्पेनचा दुसरा चार्ल्स, जो स्पेनमधल्या हाब्सबुर्ग राजघराण्याचा शेवट म्हणून कुप्रसिद्ध, त्याचा आकडा 25.4 होता. तो निपुत्रिक, आजारी, 38 व्या वर्षी गेला. आणि हा नववा टॉलेमी साठी गाठून वर मुलंबाळं मागे ठेवून गेला.

मग इनब्रीडिंगने काहीच बिघडत नाही का? बिघडतं. पण आपल्याकडे यादी फक्त जगलेल्यांची आहे. जन्मताच गेलेली पोरं कोण लिहून ठेवणार? इ.स.पू. 238 मध्ये तिसऱ्या टॉलेमीची छोटी मुलगी वारली हे आपल्याला कळतं ते एवढ्यासाठीच की नेमकी तेव्हा इजिप्तमधल्या कॅनोपसला पुरोहितांची सभा चालू होती आणि त्यांनी तिला देवी करून ठरावात घातलं. सभा नसती तर ती इतिहासात नसती.

शेवटच्या क्लिओपात्राचा गुणांक छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून मात्र सावध. तिचा बाप बारावा टॉलेमी नवव्याचा मुलगा, पण त्याची आई कोण हे प्राचीन लेखक सांगतच नाहीत, त्याला अनौरस म्हणायचे. ती कोणी बाहेरची असेल तर साठा पुन्हा एकदा साफ. क्लिओपात्राने स्वतः दोन धाकट्या भावांशी नावापुरतं लग्न केलं, मुलं मात्र सीझर आणि अँटनीकडून, म्हणजे पुन्हा शून्य.

जाता जाता आपल्याकडचं एक. सगोत्र लग्न टाळणं म्हणजे पूर्वजांना जेनेटिक्स माहीत होतं असा फॉरवर्ड सारखा फिरत असतो. गोत्र फक्त बापाकडून चालतं. त्या नियमाने वीस पिढ्या लांबची सगोत्र मुलगी नको आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत मामाची मुलगी चालते, उलट तिच्यावर पहिला हक्क! पहिलीचा गुणांक जवळपास शून्य, दुसरीचा 6.25. नियम सामाजिक आहे, ठीक आहे, त्याला विज्ञानाचा टिळा कशाला.

टॉलेमींपैकी कोणाचेच खात्रीने ओळख पटलेले अवशेष नाहीत, त्यामुळे वरचा सगळा हिशेब वंशवृक्षावरून. हाडातल्या डीएनएवरून आई-बाप भाऊ-बहीण होते का हे थेट कळतं, कारण जीनोममध्ये लांबच लांब पट्टे दोन्ही कॉप्यांत हुबेहूब दिसतात, आयर्लंडच्या न्यूग्रेंजमधल्या 5000 वर्षं जुन्या माणसात ते 2020 मध्ये दाखवलेत. तरीही क्लिओपात्राच्या कबरीच्या बातम्या दर थोड्या दिवसांनी येतात तेव्हा मला फारसं काही वाटत नाही. रोमन अमलातल्या इजिप्तमध्ये पहिल्या ते तिसऱ्या शतकातले शिरगणतीचे जे कागद मिळालेत त्यात साध्या शेतकरी-कारागिरांची सुद्धा 15 ते 20 टक्के लग्नं भावा-बहिणीची दिसतात, आणि काही संशोधक म्हणतात की यातले बरेच भाऊ खरं तर दत्तक घेतलेले घरजावई असणार. हा वाद इजिप्तमधल्या फायुमच्या दफनभूमीतली शे-दोनशे साधी माणसं तपासली तर मिटेल, राणीची एक ममी घेऊन मिटणार नाही.