शून्य कुठे धरायचे? प्रभारित वस्तूजवळच्या स्थितिज ऊर्जेची पार्श्वभूमी

दोन प्रभारांमधले बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे 1785 मध्ये पिळाच्या तराजूने मोजून झाले होते. विभवाचे (एकक प्रभारामागच्या स्थितिज ऊर्जेचे) गणित मात्र विजेसाठी जन्मले नाही. ते ग्रहांच्या आकर्षणाच्या हिशेबातून आले. 1828 मध्ये एका इंग्रज गिरणीवाल्याने ते विजेला लावून एक पुस्तिका स्वखर्चाने छापली. ती 1845 पर्यंत जवळजवळ कुणी वाचली नाही. 1847 मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धांत मांडला गेला आणि प्रभार व विभव यांच्या गुणाकाराला ऊर्जेचा अर्थ आला.

वाद राहिला तो शून्याचा. गणितवाल्यांच्या सूत्रात विभव 1/r प्रमाणे (r म्हणजे प्रभारापासूनचे अंतर) घटते, म्हणून त्यांचे शून्य आपोआप अनंत अंतरावर जाते. तारायंत्रवाले 1838 पासून परतीच्या तारेऐवजी जमीनच वापरत होते, त्यामुळे त्यांच्या लेखी जमीन म्हणजे शून्य. बारावीचे पुस्तक पहिले शून्य शिकवते आणि प्रयोगशाळेतला मीटर दुसरे दाखवतो. महत्त्व फक्त विभवांतराला, म्हणजे दोन जागांच्या विभवांतल्या फरकाला असते, म्हणून चालते असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा आहे.

10 सेंमी त्रिज्येचा धातूचा गोल घ्या आणि त्याच्या केंद्रापासून 50 सेंमीवर +1 मायक्रोकूलॉमचा बिंदुप्रभार ठेवा. गोल उदासीन आणि सुटा असेल, तर त्याच्यावर एकूण प्रभार शून्य, पण विभव 18,000 व्होल्ट. तोच गोल तारेने जमिनीला जोडला की विभव शून्य होते, पण त्याच्यावर −0.2 मायक्रोकूलॉम प्रभार येतो. प्रभार नाही म्हणजे विभव नाही, किंवा अर्थिंग केले (जमिनीला जोडले) म्हणजे प्रभार गेला, ही दोन्ही वाक्ये उत्तरपत्रिकांत हमखास सापडतात आणि दोन्ही चूक आहेत. दुसरी नेहमीची चूक ½ ची. बाहेरचा छोटा प्रभार q विभव V असलेल्या जागी आणायची ऊर्जा qV, पण गोल स्वतः Q प्रभाराने V विभवापर्यंत भरायची ऊर्जा ½QV, कारण भरताना विभव शून्यापासून चढत जाते. हवा साधारण 30 लाख व्होल्ट प्रति मीटरला फुटते. म्हणून हा गोल फार तर 3 लाख व्होल्टपर्यंत, म्हणजे सुमारे 3.3 मायक्रोकूलॉम आणि जेमतेम अर्धा ज्यूल. गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये तेवढेही जमत नाही. आधाराच्या दांड्यावर ओलाव्याचा पापुद्रा बसतो आणि प्रभार त्यावरून गळतो. दांडा स्पिरिटने पुसून बल्बखाली गरम करून लगेच प्रयोग करावा.

आता जमिनीच्या शून्याकडे. स्वच्छ हवेत पृथ्वीच्या पृष्ठभागावर सुमारे −5 लाख कूलॉम प्रभार असतो. तो एकटाच असता, तर अनंताच्या तुलनेत जमीन उणे 70 कोटी व्होल्टच्या आसपास असती. तसे होत नाही, कारण वरच्या हवेतला धन प्रभार तो झाकतो आणि जमीन व वरचे वाहक थर यांच्यात फरक उरतो तो 3 लाख व्होल्टच्या आसपास. थोडक्यात, जमीन शून्य आहे ती आपण धरली म्हणून.

व्यवहारात याची झळ सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळाळ पठारावर, बसते. जांभ्या कातळाची रोधकता भाताच्या खाजन (खाडीकाठच्या खारट) जमिनीपेक्षा कितीतरी जास्त. गृहीत धरा, 1,000 ओहम-मीटर. अर्थिंगच्या खड्ड्यातून 1 अँपियर गळाला, तर (खड्डा अर्धगोल मानून) मध्यापासून 1 मीटरवर 159 व्होल्ट आणि 2 मीटरवर 80. घट पुन्हा 1/r चीच, जशी प्रभारित गोलाभोवती. म्हणजे जमिनीला शून्य मानणाऱ्यांनाही शेवटी खड्ड्यापासून दूरची जमीन शून्य धरावी लागते. पुस्तकातले अनंत मागच्या दाराने परत येते. एका पावलात 79 व्होल्टचा फरक पडतो. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांतले अंतर जास्त असल्याने त्यांना तो आणखी बाधतो.

म्हणून खड्ड्याचा रोध मोजताना प्रवाहाचा खिळा (ज्याच्यामार्फत चाचणीचा प्रवाह जमिनीतून फिरतो) 30–40 मीटर दूर ठोकतात आणि विभवाचा खिळा (जिथे विभव मोजतात) त्या अंतराच्या 62 टक्क्यांवर. हा आकडा एकजिनसी मातीसाठी आहे. सड्यावर वर कातळ आणि खाली चिकणमाती, तेव्हा 52, 62 आणि 72 टक्क्यांवर तीन वाचने घ्यावीत. ती जवळपास सारखी आली तरच मधले धरावे, नाहीतर प्रवाहाचा खिळा आणखी लांब न्यावा. कातळात खिळा जात नसेल, तर ओल्या गोणपाटावर पत्रा ठेवून काम भागते. खड्ड्यात कोळसा-मीठ भरले असले, तरी मार्च ते मे पाणी घातल्याशिवाय वाचन खाली येत नाही, आणि पावसात घेतलेले वाचन उन्हाळ्याच्या हिशेबाला चालत नाही.