वारुळावरची अळंबी आणि लॉनवरची छत्री

पहिल्या जोरदार पावसानंतर चार-पाच दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. लॉनवर उगवलेल्या मोठाल्या पांढऱ्या छत्र्या, आणि खाली प्रश्न: "ही खायची अळंबी का हो?" गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या काकूंना खालीच नेऊन दाखवलं. त्या मूळच्या सावंतवाडीकडच्या, लहानपणी टोपल्या भरभरून अळंबी वेचलेल्या. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "दिसता तशीच. पण हंयसर वारूळ खंय आसा?"

कोकणात आणि गोव्यात अळंबी, विदर्भात सात्या म्हणून लोक जी चवीनं खातात, ती बहुतेक टर्मिटोमायसिस या भूछत्रांच्या वंशातली. ही वाळवीची शेती आहे. वाळवीला लाकूड-पाचोळा नीट पचत नाही, म्हणून ती तो चावून वारुळाच्या पोटात स्पंजासारखे गोळे रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी लाकूड कुजवते, वाळवी तो मऊ झालेला माल खाते. पावसाळ्यात याच गोळ्यांवरून कोंब निघतात आणि माती भेदून वर येतात. वाळवीशिवाय ती वाढत नाही, म्हणून धिंगरीसारखी पिशव्यांत पिकवून ती बाजारात येत नाही. गोव्यात वारुळाला रोंयण म्हणतात आणि सातेरी देवी म्हणून पुजतात. तिथे ही अळमी पानात बांधून विकायला येते, आणि भाव ऐकून घाम फुटतो.

लॉनवरच्या छत्रीला वाळवीशी काही देणंघेणं नाही. तिचं नाव क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. ती हिरवळीखालच्या कुजलेल्या गवतावर आणि शेणखतावर जगते. जमिनीखाली तिचे तंतू चहूबाजूंनी पसरतात, म्हणून छत्र्या कधीकधी गोल रिंगणात उगवतात. खाल्ली तर साधारण १ ते ३ तासांत पोटात कळा, उलट्या, जुलाब, कधी रक्तही. माणूस सहसा दगावत नाही, पण लहान मूल किंवा म्हातारं माणूस पाणी कमी पडून गंभीर होऊ शकतं. अमेरिकेत भूछत्रांच्या विषबाधेत हिचं नाव सर्वांत जास्त वेळा येतं, कारण ती अगदी दाराशी उगवते आणि दिसायला भरगच्च, भूक लागावी अशी असते.

आता फरक. पुष्कळ जण छत्रीखालच्या झालरीचा, म्हणजे टोपीच्या आतल्या पातळ पडद्यांचा, रंग बघतात आणि तिथेच फसतात. लॉनवरच्या जातीची झालर म्हातारपणी राखाडी-हिरवट होते हे खरं, पण कोवळेपणी ती पांढरीशुभ्र असते, आणि माणूस खुडतो ती कोवळीच. दांड्यावरच्या कड्याचंही तेच. लॉनवालीचं कडं हातातल्या बांगडीसारखं वरखाली सरकतं. पण खाण्याच्या अळंबीतल्या काही जातींनाही कडं असतं, फक्त ते चिकटलेलं असतं. तेव्हा "कडं आहे म्हणजे विषारी" हेही चालत नाही.

भरवशाचं चिन्ह मातीच्या खाली आहे. वारुळाच्या अळंबीचा दांडा जमिनीत निमुळता होत मुळासारखा खोल जातो, थेट त्या गोळ्यापर्यंत. टोपीच्या मधोमध टणक टोक असतं, माती फोडायला. (अपवाद चिमुकल्या जातीचा: ती वाळवीनं बाहेर टाकलेल्या गोळ्याच्या तुकड्यांवर शेकड्यांनी उगवते, तिला हे मूळ नसतं.) लॉनवालीचा दांडा बुडाशी फुगीर होऊन वरच्या मातीतच संपतो. टोपीवर मध्ये तपकिरी डाग आणि भोवती तपकिरी खवले असतात, पण जोराच्या पावसात ते धुऊनही जातात.

दुसरी खूण रात्रभराची. पूर्ण उमललेली टोपी झालर खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. वारुळाची अळंबी फिकट गुलाबी ठसा देते, लॉनवाली मळकट हिरवा. गुलाबी ठसा इतरही भूछत्रं देतात, त्यामुळे तेवढ्यावर खायची परवानगी मिळत नाही. हिरवा आला तर मात्र विषय संपला.

चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण रंग बदलतो का, किड्यांनी खाल्लीय का, या परीक्षांवर माझा काडीचा विश्वास नाही. गोगलगाय जे पचवते ते आपल्याला पचेलच असं नाही. आणि कुठलंही रानटी भूछत्र खाऊन उलट्या ६ तासांनंतर सुरू झाल्या, तर ते लवकर सुरू होण्यापेक्षा जास्त घाबरायचं लक्षण आहे: यकृत निकामी करणाऱ्या जातींचं विष उशिरा बोलतं. उरलेला तुकडा पिशवीत घालून तडक दवाखाना गाठायचा.

खोदून बघताना काडीनं बाजूची माती हलकेच सारावी, आतल्या गोळ्यापर्यंत जाऊ नये. गोळा फुटला तर पुढच्या पावसात तिथे अळंबी येण्याची आशा कमीच.

आम्ही काकूंसमोर चमच्यानं उकरलं. दोन बोटं खाली दांडा संपला, बुडाला गाठ. तरीही टोपी कागदावर ठेवलीच. सकाळी कागद हिरवट. काकूंनी तो बघितला, माळ्याला हाक मारली आणि कुत्री फिरायला यायच्या आत सगळ्या छत्र्या उपटायला लावल्या.