जर्मनीची ‘ईपॉस’ शिष्यवृत्ती: नाशिकमधून अर्ज करताना

विकसनशील देशांतल्या नोकरदार पदवीधरांना जर्मनीत एमएस्सी किंवा तत्सम पदव्युत्तर शिक्षण घेता यावं म्हणून जर्मन सरकारच्या पैशातून ‘डीएएडी’ ही जर्मन संस्था ‘ईपॉस’ ही शिष्यवृत्ती देते. पाणी व्यवस्थापन, शेती, नगरनियोजन, ऊर्जा, सार्वजनिक आरोग्य असे विकासाशी जोडलेले ठरावीक अभ्यासक्रमच यात येतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी दरमहा ९९२ युरो, शिवाय आरोग्य विमा, प्रवासखर्चाची ठोक रक्कम आणि बहुतेकदा आधी जर्मन भाषेचा वर्ग.

पात्रतेत दोन आकडे पक्के लक्षात ठेवा. पदवीनंतर किमान २ वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि शेवटची पदवी साधारण ६ वर्षांहून जुनी नको. पदवीही सहसा ४ वर्षांची लागते. बीई किंवा राहुरी विद्यापीठाची बीएस्सी ॲग्री असेल तर अडचण येत नाही. तीन वर्षांच्या बीए, बीकॉमवर मात्र थेट भिस्त ठेवू नका. आधीच १५ महिन्यांहून जास्त काळ जर्मनीत राहत असाल, तर अर्ज करता येत नाही.

फॉर्म डीएएडीचा असला, तरी अर्ज जातो तो संबंधित विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाकडे. तो डीएएडीकडे पाठवून अनेकांचं वर्ष वाया जातं. जास्तीत जास्त ३ अभ्यासक्रम निवडता येतात, पसंतीक्रम फॉर्ममध्येच लिहायचा. प्रत्येकाची मुदत वेगळी असते. बऱ्याच मुदती अभ्यासक्रम सुरू होण्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान संपतात.

कागदपत्रांत सर्वांत जास्त घोळ होतो तो कंपनीच्या पत्रांचा. दोन वेगळी पत्रं लागतात: नोकरीचा दाखला आणि वरिष्ठांचं शिफारसपत्र. शिफारसपत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी आणि ताज्या तारखेचं हवं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांतून मिळणाऱ्या दाखल्यावर नुसत्या रुजू झाल्याच्या नि सोडल्याच्या तारखा असतात. कामाचं स्वरूप आवर्जून लिहून घ्या. घरच्या द्राक्षबागेतलं काम कितीही मोठं असलं, तरी सही करणारा मालक नसल्याने ते सिद्ध करणं अवघड जातं. शेतकरी उत्पादक कंपनीत पगारी काम केलं असेल, तर तिचं पत्र घ्या.

दुसरी अडचण नावाची. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने. स्पेलिंगमध्येही फरक असेल तर तो मुदतीच्या दोन महिने आधी दुरुस्त करा किंवा प्रतिज्ञापत्र जोडा. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा, पुण्याहून किंवा राहुरीहून यायला वेळ लागतो, म्हणून त्यासाठीचा अर्ज सर्वांत आधी टाका. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल २ वर्षंच ग्राह्य असतो.

बाकी ‘युरोपास’ या युरोपातल्या ठरावीक नमुन्यातला सीव्ही आणि प्रेरणापत्र (हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारं पत्र), दोन्ही सहीसह. प्रेरणापत्र २ पानांपेक्षा मोठं नको. त्यात जर्मनीचं कौतुक लिहून जागा दवडू नका. तुम्ही आज करत असलेलं काम, उदाहरणार्थ निफाडच्या कांदाचाळीतली नासाडी किंवा गोदावरीत मिसळणारं सांडपाणी, त्यासाठी नेमका कोणता विषय शिकायचा आहे आणि परत येऊन कुठे वापरणार, हे स्पष्ट लिहा. निवड समिती हेच वाचते.