आर्टिचोक : मुंबईतील घरबागेत बियांपासून लागवड

आर्टिचोक (सिनारा कार्डंक्युलस, प्रकार स्कॉलिमस) ही कंपॉझिटी म्हणजे सूर्यफूल कुलातील बहुवर्षायू वनस्पती मूळची भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातली. तिचे युरोपीय नाव अरबी ‘अल्-खर्शूफ’वरून आले. आपली करडई तिची जवळची नातलग असून दोघींची काटेरी बोंडे पाहिली की ते नाते ओळखू येते. खातात ती न उमललेली कळी, म्हणजे तिच्या छदांचे (कळीभोवतीच्या खवल्यांसारख्या पानांचे) मांसल बूड आणि आतला गाभा. जेरुसलेम आर्टिचोक नावाचे कंद सूर्यफुलाच्या एका जातीचे असतात, ते याच कुलातले असले तरी झाड वेगळे आहे.

मुंबईत बी रुजवणे अवघड नाही. बी १ सेंमी. खोल पेरले आणि माती ओलसर ठेवली की दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. अडचण आहे ती कळी धरण्याची. रोपाला १० अंश सेल्सिअसखालची थंडी शेकडो तास मिळाल्याशिवाय त्याचा कळीचा दांडा सहसा वर येत नाही, नुसती पानेच पसरत राहतात. मुंबईत जानेवारीतल्या रात्रीही साधारण १६-१७ अंशांच्या असतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती, पण तशी एखादी रात्र या झाडाला पुरत नाही.

म्हणून इथे थंडी फ्रिजमधून द्यावी लागते. बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळावे आणि मोड डोकावू लागताच डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन ते चार आठवडे ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. जातीची निवडही तितकीच महत्त्वाची. ‘ग्रीन ग्लोब’ला थंडी जास्त लागते. ‘इंपीरियल स्टार’ ही जात बियांपासून एकाच हंगामात पीक घेण्यासाठी तयार केलेली आहे, त्यामुळे मुंबईकराने तीच घ्यावी. बियांपासूनची रोपे एकसारखी निघत नाहीत. म्हणूनच भूमध्य प्रदेशातले शेतकरी पूर्वापार बुंध्याजवळच्या फुटव्यांपासून लागवड करत आले. घरी लागतील त्याच्या दुप्पट रोपे करावीत आणि खुरटी किंवा फार काटेरी रोपे काढून टाकावीत.

बी ऑगस्टमध्ये फ्रिजमध्ये, सप्टेंबरमध्ये आडोशाच्या ट्रेमध्ये आणि रोप पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये कुंडीत, असा क्रम बसतो. सोटमूळ खोल जाते, म्हणून कुंडी किंवा ड्रम किमान ४५ सेंमी. खोल हवा. झाड मीटरभर पसरते, तेव्हा एका ड्रममध्ये एकच रोप लावावे. मातीत भरपूर शेणखत किंवा गांडूळखत घालावे आणि तळाला पाणी साचू देऊ नये. कोवळ्या पानांवर मावा येतो. तो पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन निंबोळी अर्क मारला की आटोक्यात राहतो.

कळ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धरतात. तोवर ऊन चढलेले असते आणि उन्हात छदे लवकर उघडून राठ होतात. दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी आणि छदे घट्ट मिटलेली असतानाच कळी कापावी, लहान असली तरी. कापलेला भाग काळा पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात ठेवतात, उकडतात आणि गाभ्यावरची केसाळ लव काढून टाकतात. झाड पावसाळ्यात बुंध्याशी कुजते, म्हणून मुंबईत ते एका हंगामाचेच समजावे. एखादी कळी मुद्दाम झाडावर राखली तर ती जांभळी उमलते आणि तिच्यावर मधमाश्या येतात.