देबेद दरीतील मठ, आर्मेनिया

देबेद दरीतील मठ हा उत्तर आर्मेनियाच्या लोरी प्रांतातील मध्ययुगीन ख्रिस्ती मठांचा समूह असून हाघपात व सनाहिन हे त्यांतील प्रमुख मठ होत. युनेस्कोने १९९६ मध्ये हाघपातचा आणि २००० मध्ये सनाहिनचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. आर्मेनियाच्या प्रवासात बहुतेक लोक हे दोन्ही मठ एकाच दिवशी घाईने पाहतात. ते केवळ चर्च नव्हते. विद्यालय, ग्रंथालय, राजघराण्याची दफनभूमी आणि आसपासच्या गावांची सभागृहे अशा अनेक भूमिका त्यांनी शतकानुशतके पार पाडल्या. त्यामुळे त्यांची प्रत्येक इमारत कशासाठी होती हे समजून घेतल्याशिवाय हे दर्शन पुरे होत नाही.

देबेद नदीने येथील बेसाल्टचे पठार खोलवर कापलेले आहे. येरेवान व तिबिलिसी यांना जोडणारा लोहमार्ग आणि अलावेर्दी हे तांब्याच्या खाणींमुळे वाढलेले गाव दरीच्या तळाशी आहे, तर शेते, जुनी गावे आणि मठ वर पठाराच्या कडेवर आहेत. सनाहिन आज अलावेर्दीच्याच वस्तीत मोडते. हाघपात काही किलोमीटरवर स्वतंत्र गाव आहे. येरेवानहून वानाद्झोरमार्गे रस्त्याने येण्यास साधारण तीन तास लागतात. जॉर्जियाची सीमा त्याहून बरीच जवळ आहे. हिवाळ्यात बर्फ पडत असल्याने मे ते ऑक्टोबर हा काळ सोयीचा ठरतो.

दोन्ही मठांची स्थापना दहाव्या शतकात बाग्रातुनी घराण्यातील राजा तिसरा अशोत याची राणी खोस्रोवानुश हिच्या आश्रयाने झाली. सनाहिनचे अमेनाप्रकिच (सर्वतारक) चर्च ९६६ च्या सुमारास उभे राहिले. हाघपातच्या सुर्ब नशान (पवित्र चिन्ह) चर्चचे काम ९७६ मध्ये सुरू होऊन ९९१ मध्ये पूर्ण झाले. राणीचे पुत्र स्म्बात व गुर्गेन हे दोघे मिळून चर्चची छोटी प्रतिकृती हातांत धरून उभे आहेत, असे शिल्प दोन्ही चर्चच्या पूर्व भिंतीवर उंचावर कोरलेले आहे. प्रवेशद्वार पश्चिमेला असल्यामुळे ते सहज नजरेतून सुटते. इमारतीला मागून वळसा घालून ते आवर्जून पाहावे.

या मठांचे खरे वैशिष्ट्य म्हणजे गावित. गावित म्हणजे चर्चच्या पश्चिमेला जोडलेला भव्य चौरस मंडप. प्रार्थनेपूर्वी लोक येथे जमत, सभा व न्यायनिवाडे येथे होत आणि मान्यवरांना येथेच पुरले जाई. सनाहिनच्या ११८१ मधील गावितात मध्यभागी चार मोकळे खांब आहेत. हाघपातच्या गावितात मात्र मधला भाग पूर्ण मोकळा ठेवून एकमेकींना छेदणाऱ्या कमानींच्या दोन जोड्यांवर छत तोललेले आहे. छताच्या माथ्यावरील झरोक्यातून येणारा उजेड दिवसभर जमिनीवर सरकत राहतो. काकेशसमधील जुन्या ग्रामीण घरांतही मधोमध असाच धूर व प्रकाशाचा झरोका असे, आणि ती साधी घरबांधणी दगडात एवढ्या उंचीला नेणे ही आर्मेनियन स्थापत्यकारांची थोर कामगिरी मानावी लागते. फरशीत कोरीव थडगेशिळा बसवलेल्या असून त्यांवरूनच चालावे लागते. नव्याने येणारा माणूस तेथे संकोचतो. परंतु येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली असणे ही मृताची नम्रता, अशीच त्यामागील धारणा आहे.

सनाहिनच्या दोन चर्चच्या मधोमध असलेले अरुंद, कमानदार बोळ हे ग्रिगोर मागिस्त्रोस या अकराव्या शतकातील विद्वानाच्या नावाने ओळखले जाणारे विद्यालय होते. खांबांमधील दगडी बाकांवर विद्यार्थी बसत. लगतचे ग्रंथालय १०६३ मधील आहे. गणित व कालगणनेचा पंडित होव्हान्नेस सार्कावाग याचे शिक्षण हाघपातमध्ये झाले. हाघपातच्या नावाने प्रसिद्ध असलेली १२११ सालची सचित्र शुभवर्तमान पोथी आता येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात आहे. अठराव्या शतकातील लोककवी सायात-नोवा यानेही हाघपातमध्ये धर्मसेवक म्हणून काही काळ घालवला.

खाचकार, म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिळा, दोन्ही आवारांत जागोजागी दिसते. बहुतेक खाचकारांवर मानवाकृती नसते, केवळ क्रूस व जाळीदार नक्षी असते. म्हणूनच हाघपातमधील १२७३ चा अमेनाप्रकिच खाचकार विशेष ठरतो : शिल्पकार वाहराम याने त्यावर क्रूसावरील ख्रिस्त आणि भोवती प्रेषितांच्या आकृती कोरल्या असून शिळेवरील तांबडा रंग अद्याप ओळखू येतो. मुख्य चर्चपासून काहीसा वेगळा, उतारावर उभा असलेला १२४५ चा तीनमजली घंटाघर-मनोराही मुद्दाम पाहण्याजोगा आहे.

आर्मेनियन अपोस्टोलिक चर्चच्या प्रार्थना येथे होत असल्याने भेट देणाऱ्याने काही रीती पाळणे उचित ठरते. मेणबत्ती वाळूच्या तबकात लावतात. स्त्रिया बहुधा डोक्यावर रुमाल घेतात. बाहेर पडताना वेदीकडे पाठ न करता मागे सरकत जाण्याची पद्धत आहे. रविवारच्या उपासनेच्या वेळी छायाचित्रे घेणे टाळावे.

सवड असल्यास हाघपातहून सनाहिनला आकनेर गावावरून पायवाटेने चालत जाणे उत्तम. वाटेत कायान किल्ल्याचे अवशेष लागतात आणि या मठांचे दरीशी असलेले नाते मोटारीतून कळत नाही ते येथे कळते. सनाहिन हे मिकोयान बंधूंचे जन्मगाव आहे : अनास्तास सोव्हिएत राजकारणी, तर आर्तेम ‘मिग’ विमानांचा रचनाकार. गावातील त्यांच्या संग्रहालयाबाहेर मिग-२१ विमान ठेवलेले आहे. हीच विमाने पुढे नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधली गेल्यामुळे मराठी प्रवाशाला हे गाव अगदीच परके वाटू नये.

याच दरीतील कोबायर मठ कड्याला बिलगून असून तेथे चढूनच जावे लागते. त्याचे छत कोसळले असले तरी भिंतींवरची चित्रे काही अंशी टिकून आहेत. अख्तालाच्या तटबंदीतील चर्चमध्ये तेराव्या शतकाच्या आरंभीची निळ्या छटांची भित्तिचित्रे मोठ्या प्रमाणात शिल्लक आहेत. आर्मेनियन चर्चमध्ये एवढे चित्रकाम क्वचितच आढळते. ही चित्रे काढवून घेणारा झाकारियान घराण्यातील सरदार इवाने हा कॅल्सिडोनपंथी, म्हणजे आर्मेनियन चर्चऐवजी बायझंटाईन व जॉर्जियन चर्चचा पंथ मानणारा असल्यामुळे या चित्रांवर बायझंटाईन व जॉर्जियन परंपरेची छाप आहे, आणि चित्रांसोबतचे लेखही ग्रीक व जॉर्जियन भाषांत आहेत.