पाळीचे काम आणि कामगारांची झोप

पाळीचे काम आणि कामगारांची झोप : कारखाने, वीजकेंद्रे, रुग्णालये अशा अहोरात्र चालणाऱ्या ठिकाणी काम पाळ्यांत वाटलेले असते. त्यामुळे कामगारांच्या झोपेची वेळ, कालावधी आणि प्रत बदलते. या बदलाचे आरोग्यावर होणारे परिणाम आणि ते कमी करण्यासाठी मालकाने करावयाची व्यवस्था यांचा येथे मराठवाड्याच्या संदर्भात विचार केला आहे.

मराठवाड्याला रात्रीचे जागरण नवे नाही. ज्वारीची राखण आणि रात्री थ्रीफेज लाइट आली की मोटार चालू करून पिकाला पाणी देणे ही शेतकऱ्याच्या सवयीची कामे आहेत. मात्र ती हंगामापुरती असतात. वर्षभर, दर आठवड्याला बदलणारी पाळी ही उद्योगांबरोबर आली. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला, तर १९८५ मध्ये बजाज ऑटोच्या कारखान्यापासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूज परिसरात वाहन उद्योग व त्याला सुटे भाग पुरवणारे कारखाने वाढत गेले. चिकलठाणा व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहती आणि जालन्याच्या सळया तयार करणाऱ्या गिरण्या यांतही ‘तिसरी पाळी’ (रात्रपाळी) हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला आहे.

झोप केव्हा यावी हे केवळ थकव्यावर ठरत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचे मुख्य जैविक घड्याळ असते आणि डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाने ते रोज लावले जाते. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडल्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढते, पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते आणि त्याच सुमारास सावधपणाही तळाला पोचतो. प्रौढ माणसाला सात तास किंवा त्याहून अधिक झोप लागते. परंतु रात्री जागून दिवसा झोपणाऱ्याची झोप घड्याळाच्या उलट दिशेने चाललेली असल्यामुळे ती लवकर मोडते व बहुधा अपुरी राहते. सुटीच्या दिवशी कामगार घरच्यांबरोबर दिवसा जागतो, त्यामुळे अनेक वर्षे पाळी केलेल्या माणसाचे शरीरही रात्रीला पुरते सरावत नाही.

याचे पहिले लक्षण कामगार स्वतःच सांगतो, ते म्हणजे पित्त. अवेळी जेवण व जागरण यांनी आम्लपित्त, बद्धकोष्ठ व भूक मंदावणे हे त्रास होतात. दीर्घकाळात इन्सुलिनचा परिणाम कमी होऊन मधुमेहाचा धोका वाढतो आणि उच्च रक्तदाब, हृदयविकार व नैराश्य यांच्याशीही पाळीच्या कामाचा संबंध आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैविक घड्याळ बिघडवणारे पाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले व २०१९ मध्ये रात्रपाळीसाठी तोच निर्णय कायम ठेवला. अपघाताचा धोका मात्र वर्षांची वाट पाहत नाही. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंद होते, असे प्रयोगांत दिसले आहे. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पत्रा दाबणाऱ्या प्रेस यंत्रात हात घालणारा कामगार आणि पाळी सुटल्यावर सकाळच्या उन्हात दुचाकीवरून गंगापूर किंवा पैठणच्या गावाकडे निघालेला कामगार हे दोघेही याच अवस्थेत असू शकतात.

झोपेचे अर्धे नुकसान कारखान्याबाहेर होते. रांजणगाव शेणपुंजीसारख्या कामगारवस्तीत भाड्याची पत्र्याची खोली असते. सकाळी आठला अंथरुणावर पडलेल्या माणसाला मे महिन्यात अकराच्या आतच पत्रा तापून जाग येते, कारण गाढ झोपेसाठी शरीराचे तापमान उतरावे लागते आणि बाहेर पारा चढत चाललेला असतो. कूलरला पाणी लागते आणि पाणी कधी येईल याचा नेम नसतो. टँकर आला की झोपमोड ठरलेलीच. भंगारवाल्याचा भोंगा आणि शेजारच्या लग्नाचा डीजे हे त्याखेरीज. रात्रपाळी करून घरी परतलेल्या परिचारिकेला आधी चूल, मग मुलांची शाळा आणि मग झोप, असा क्रम लागतो.

म्हणून मालकाने नुसते झोपेवर व्याख्यान ठेवून भागत नाही. त्याच्या हातातले खरे साधन पाळीपत्रक हे आहे. पहिली, दुसरी, तिसरी अशी पुढे सरकणारी पाळी शरीराला उलट्या क्रमापेक्षा अधिक सोसते, कारण माणसाचे जैविक घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असते. दुसरी पाळी रात्री अकराला सुटून सकाळी सातची पहिली लागली, तर मधल्या आठ तासांतून प्रवास, जेवण व आंघोळ वजा जाता जेमतेम पाच तास उरतात. दोन पाळ्यांत अकरा तासांचे अंतर राखणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मजुरी घालून दिली. दुप्पट मजुरीमुळे ‘डबल मारायला’, म्हणजे सलग दोन पाळ्या करायला, कामगार स्वतःच पुढे येतो आणि सुपरवायझरचीही अडचण भागते. तासांची मर्यादा केवळ कागदावर राहण्याचे कारण बहुतेकदा हेच असते. याच अधिनियमाने मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीची सुटी पाळी संपल्यापासून चोवीस तासांची धरली. म्हणजे रविवारी सकाळी सातला सुटलेल्याची सुटी सोमवारी सकाळी सातला संपते आणि तिचा मोठा भाग झोपण्यातच जातो.

याशिवाय कंपनीची बस, रात्री दोनला तेलकट वड्याऐवजी वरण-भात किंवा भाकरी, यंत्राजवळ भरपूर उजेड आणि पाळीच्या उत्तरार्धात चहाला आवर या गोष्टी कमी खर्चाच्या आहेत. चहातील कॅफिन निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे पहाटे पाचचा कप सकाळची झोप उडवतो. मध्यंतरात वीस मिनिटांची डुलकी उपयुक्त असते, पण जाग आल्यावर काही मिनिटे सुस्ती राहते व तेवढ्यात यंत्र हाती देऊ नये. डुलकी घेणाऱ्याला मेमो देण्याची पद्धत असेल तर कामगार शौचालयात किंवा मालाच्या आडोशाला झोपतो, हे कोणताही जुना फोरमन सांगेल. वार्षिक तपासणीत घोरणे, दिवसा पेंग येणे आणि मधुमेहाच्या औषधांच्या वेळा यांची चौकशी व्हावी. इन्सुलिन घेणाऱ्याला पाळी बदलताना डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो.

काही साखर कारखान्यांत गळीत हंगामात पहाटे चार, दुपारी बारा व रात्री आठ अशा पाळ्या लागतात. त्यांत पहिल्या पाळीचा कामगार अडीचला उठतो व तिसऱ्या पाळीचा चारला सुटतो, म्हणजे दोघांचीही रात्र तुटते. फडातल्या ऊसतोड कामगाराला एवढेही वेळापत्रक नसते. बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन निघालेली टोळी पहाटे तोडीला लागते आणि ट्रक किंवा ट्रॅक्टर मध्यरात्री आला तर तेव्हाच मोळ्या भरते. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने तिला नकार देता येत नाही, आणि तिचा मालक कारखाना की मुकादम हा वाद जुना असल्याने तिच्यासाठी पाळीपत्रक कोणी लावायचे हेही ठरलेले नाही.