हेन्रीला निरोप देताना किलकेनीला काय होत होतं?

25 मार्च 2015 रोजी आयर्लंडमधल्या किलकेनी शहरात हेन्री शेफलिनने पत्रकारांसमोर बसून जाहीर केलं, की यापुढे तो काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या, संघातून हर्लिंग खेळणार नाही. वय 36. आठच दिवसांपूर्वी, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, त्याच्या बॅलीहेल शॅमरॉक्स या क्लबने अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा जिंकली होती. बातमी अनपेक्षित नव्हती. त्याचे गुडघे किती सोसून बसले आहेत हे सगळ्या काउंटीला ठाऊक होतं. तरीही घरचं माणूस दूरगावी निघावं तशी हुरहुर लोकांना लागली. अशा निरोपांत नेहमी जे होतं तेच इथेही झालं. माणसं हेन्रीबद्दल बोलायला सुरुवात करत आणि बघता बघता स्वतःबद्दल बोलू लागत. वडिलांबरोबर पाहिलेला सामना, शाळेतलं एखादं वर्ष, आता हयात नसलेले आजोबा.

याला नुसता भाबडेपणा म्हणून सोडून देऊ नये असं मला वाटतं. चाहत्याच्या शरीरात आणि स्मरणशक्तीत खेळाडू खरोखर वस्ती करून असतो, आणि त्या वस्तीच्या काही खुणा शास्त्रज्ञांनी मोजलेल्याही आहेत.

हर्लिंग आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून आधी खेळाविषयी थोडं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. मैदान 130 ते 145 मीटर लांब. प्रत्येकाच्या हातात हर्ली, म्हणजे टोकाशी पसरट होत गेलेली लाकडी काठी. ही ॲश वृक्षाच्या बुंध्यातून, मूळ आणि खोड जिथे मिळतात तिथून कापतात. तिथे लाकडाच्या रेषा मुळाच्या दिशेने वळलेल्या असतात. काठीचं वळण त्या रेषांबरोबरच जातं, म्हणून ती फटक्याने सहज चिरत नाही. चेंडूला स्लिटर म्हणतात. आत कॉर्क, वर चामडं, शिवणीच्या उठलेल्या कडा, वजन 110 ते 120 ग्रॅम. तो जमिनीवरून मारा, हवेत मारा, किंवा काठीच्या पात्यावर तोलत पळत सुटा. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून गेला तर एक गुण.

जोरात मारलेला स्लिटर ताशी 150 किलोमीटरच्या आसपास जातो. वीस मीटरवरून असा फटका आला तर गोलरक्षकाकडे अर्धा सेकंद असतो. डोळ्याने पाहून स्नायूला हुकूम जाईपर्यंत त्यातला एक पंचमांश सेकंद संपलेला असतो. म्हणून चांगला गोलरक्षक चेंडू सुटण्याची वाट पाहत बसत नाही. मारणाऱ्याचा खांदा आणि मनगट कुठे वळतंय यावरून तो आधीच हलतो.

या खेळात शेफलिनने 1999 ते 2014 या काळात दहा ऑल-आयर्लंड पदकं, म्हणजे काउंट्यांच्या देशव्यापी स्पर्धेच्या विजेतेपदाची पदकं, मिळवली. 2002, 2006 आणि 2012 मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. चॅम्पियनशिपच्या सामन्यांत त्याच्या नावावर 27 गोल आणि 484 गुण आहेत. आकडे मोठे आहेत, पण त्याला निरोप देणाऱ्यांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. या सगळ्याचा त्याला पगार नव्हता. 1884 मध्ये स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा खेळ आजही हौशी आहे. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला माणूस दोन दिवसांनी नोकरीवर हजर होतो. शेफलिन बँकेत काम करायचा. माणूस साधारणपणे आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या काउंटीकडून खेळतो. मोठ्या पैशासाठी संघ बदलण्याची इथे पद्धतच नाही.

1956 मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी एक निबंध लिहिला. पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं खरंखुरं वाटणारं नातं जुळतं, पण ते एकतर्फी असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. वानखेडेवर नोव्हेंबर 2013 मध्ये ‘सचिऽन, सचिन’ म्हणताना रडलेल्या आपल्यातल्या बहुतेकांचं नातं याच जातीचं होतं. आपण त्याला ओळखत होतो, तो आपल्याला ओळखत नव्हता. किलकेनीला मात्र हा सिद्धांत अर्धाच लागू पडतो. जेमतेम लाखभर वस्तीची ही काउंटी. इथल्या कुणाला हेन्रीने बँकेत कर्जाचे कागद समजावून दिले होते, कुणी त्याच्या भावाबरोबर खेळला होता, कुणाच्या मुलाला त्याने शिबिरात काठी धरायला शिकवली होती. नातं दोन्ही बाजूंनी चालू होतं.

अशा नात्याचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा एक सुंदर प्रयोग स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या गावात झाला. तिथे दरवर्षी जूनमध्ये, सेंट जॉनच्या रात्री, माणसं निखाऱ्यांवरून चालतात. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधली. 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालणाऱ्याच्या ठोक्यांचा चढउतार आणि त्याच्या नातेवाइकांच्या, मित्रांच्या ठोक्यांचा चढउतार जुळत होता. हे लोक नुसते उभे राहून बघत होते. शेजारीच उभ्या असलेल्या, गावाशी संबंध नसलेल्या पाहुण्यांच्या हृदयात मात्र तसं काही झालं नाही. निखारे तेच, अंतर तेच, रात्र तीच. फरक फक्त चालणारा आपला कुणी लागतो की नाही, एवढाच.

किलकेनीच्या प्रेक्षकाकडे आणखी एक गोष्ट असते. त्याने स्वतः लहानपणापासून काठी धरलेली असते. 2008 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी बास्केटबॉलच्या फ्री थ्रोच्या चित्रफिती मध्येच थांबवून वेगवेगळ्या लोकांना विचारलं, चेंडू जाळीत जाईल का? अव्वल खेळाडूंनी चेंडू हातातून सुटण्याआधीच, नुसत्या शरीराच्या हालचालीवरून, बऱ्याचदा बरोबर उत्तर दिलं. प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकारांनी आयुष्यभर तितकेच सामने पाहिलेले, पण त्यांना ते इतक्या लवकर जमलं नाही. फेक चुकणार असेल तर पाहणाऱ्या खेळाडूच्या हाताच्या स्नायूंकडे जाणारे मेंदूचे संदेशही बदलत होते. म्हणजे जो खेळलेला आहे, तो हाताने सामना पाहतो. हर्लिंगमध्ये असा प्रयोग झालेला नसला तरी किलकेनीच्या स्टँडमध्ये चाळीस वर्षांचा शेतकरी शेफलिनच्या फटक्याआधी खांदा का हलवतो, हे यातून मला नीट समजतं.

रक्तातल्या रसायनांचाही एक अभ्यास आहे. 1994 च्या फुटबॉल विश्वचषकाचा ब्राझील-इटली अंतिम सामना पाहणाऱ्या चाहत्यांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन मोजलं गेलं. जिंकलेल्या ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये ते वाढलं, इटलीच्या चाहत्यांमध्ये घटलं. माणसं फार थोडी होती, म्हणून यावर मोठे इमले बांधू नयेत. पण दिशा पटण्यासारखी आहे.

आता गुडघ्याकडे येतो, कारण शेफलिनच्या चाहत्यांचं प्रेम खऱ्या अर्थाने तिथे मुरलं.

2007 च्या अंतिम सामन्यात त्याच्या गुडघ्यातला क्रूशिएट लिगामेंट तुटला. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरपा बांधणारा हा पट्टा नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पाय रोवून अंग वळवलं की सांधा पिळवटू देत नाही. हर्लिंगमध्ये तर दर मिनिटाला पाय रोवून वळावं लागतं. हा पट्टा सांध्यातल्या द्रवात असतो, त्याला रक्तपुरवठा कमी. तुटला की रक्ताची गुठळी धरून टोकं जुळायला हवीत, ती इथे नीट धरत नाही. त्यामुळे बहुधा शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून तिथे बसवावा लागतो, आणि मैदानावर परतायला नऊ महिने किंवा जास्तच लागतात. तो परतला.

ऑगस्ट 2010 मध्ये, उपांत्य सामन्यात कॉर्क काउंटीविरुद्ध खेळताना, क्रूशिएटने पुन्हा दगा दिला. अंतिम सामना चार आठवड्यांवर होता आणि किलकेनी सलग पाचव्या विजेतेपदाच्या दारात उभी होती. त्या दिवसांत नोलन पार्क मैदानावर संघाचा नुसता सराव बघायला हजारो लोक जमले. हेन्री पळतो का, वळतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. क्रूशिएट नसलेला माणूस सरळ रेषेत उत्तम पळू शकतो. मांडीच्या मागचे स्नायू नडगीला मागे ओढून धरतात आणि बरंचसं काम भागवतात. पण स्नायूला कामाला लागायला काही मिलिसेकंद लागतात, आणि अचानक वळताना तेवढेच कमी पडतात. अंतिम सामन्यात पंधरा मिनिटंही झाली नव्हती, तोच त्याला बाहेर यावं लागलं. टिपरेरी जिंकली. सलग पाचचं स्वप्न तिथे संपलं.

दोन वर्षांनी, 33 व्या वर्षी, तोच माणूस गॉलवेविरुद्धचा अंतिम सामना फेरलढतीत जिंकून पुन्हा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. नोलन पार्कवर सराव बघायला जमलेल्यांनी 2012 मध्ये काय पाहिलं असेल याची कल्पना करून बघा. सान पेद्रो मानरिकेच्या निखाऱ्यांवर तर माणूस काही सेकंदच चालतो.

शेवटचा हंगाम, 2014, त्याने बराचसा बाकावर बसून काढला. राखीव म्हणून उतरला की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. टाळ्यांचंही एक शास्त्र आहे. 2000 साली रुमानिया आणि हंगेरीतल्या सभागृहांत ध्वनिमुद्रण करून भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की आधी प्रत्येकजण आपापल्या गतीने टाळ्या वाजवतो आणि नुसता गजर होतो. मग कुणीही न सांगता सगळे एका तालात येतात. हे साधण्यासाठी प्रत्येकजण आपला वेग जवळजवळ निम्मा करतो, कारण संथ गतीत माणसामाणसांतला फरक कमी पडतो आणि ताल जुळतो. पण संथ टाळ्यांचा एकूण आवाज कमी भरतो. मग उत्साहाच्या भरात लोक वेग वाढवतात आणि ताल मोडतो. पुन्हा गजर, पुन्हा ताल. एकत्र असणं आणि जोरात असणं, दोन्ही एकाच वेळी साधत नाही. गर्दी या दोहोंमध्ये हेलकावे खात राहते.

कारकिर्दीचा शेवट बाकावर झाला, तर आठवण फिकी पडेल का? डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा प्रयोग इथे उपयोगी पडतो. लोकांनी एकदा 14 अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात साठ सेकंद हात बुडवला. दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस सेकंद, ज्यात पाणी हळूच 15 अंशांवर आणलं गेलं. पुन्हा यातलं कुठलं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, जास्त लांबलेला प्रकार निवडला. अनुभव किती वेळ चालला याला स्मृतीत फारसं स्थान नसतं. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, या दोघांचंच वजन पडतं. शेफलिनने शेवट कुठला निवडला ते पाहा. सप्टेंबर 2014 मध्ये दहावं पदक मिळालं तेव्हा तो थांबला नाही. हिवाळाभर गावच्या क्लबसाठी खेळला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी बॅलीहेलच्या मुलांबरोबर चषक उचलला आणि मगच बोलला. त्याने हे मनोमन हिशेब करून केलं असं मी म्हणत नाही. पण चाहत्यांच्या स्मृतीला याहून चांगला शेवट मिळणं कठीण होतं.

राहिला प्रश्न तो आजवरचा सर्वोत्तम होता का, याचा. किलकेनीत त्यावर दुमत फारसं आढळणार नाही, टिपरेरी आणि कॉर्कमध्ये भरपूर आढळेल, आणि ते तसंच असावं. नेदरलँड्समध्ये 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 619 जणांना आजवरचे पाच सर्वोत्तम फुटबॉलपटू विचारले गेले. लोकांनी नावं दिली ती बहुतेक अशा खेळाडूंची, ज्यांच्या कारकिर्दीचा मध्य उत्तर देणाऱ्याच्या पौगंडावस्थेत आला होता. सर्वांत जास्त वेळा आढळलेलं वय 17. त्या वयात मेंदू जे पाहतो ते खोल रुजतं, आणि पुढे सगळं त्याच मापाने मोजलं जातं. म्हणूनच निवृत्तीच्या दिवशी लोक स्वतःबद्दल बोलू लागतात. खेळाडूच्या आठवणीबरोबर त्यांचं सतरावं वर्षही वर येतं.

शेफलिनच्या कारकिर्दीचा मध्य 2006 च्या आसपास पडतो. त्याचा गुणांचा विक्रम 2021 मध्ये गॉलवेच्या जो कॅनिंगने आपल्या अखेरच्या सामन्यात थोडक्या फरकाने मोडला. नंतर कॉर्कचा पॅट्रिक होर्गन आणि किलकेनीचा टीजे रीड त्याच्याही पुढे गेले. रीडचा जन्म नोव्हेंबर 1987 चा. तो बॅलीहेल शॅमरॉक्सचाच. 2006 च्या त्या हंगामात, वयाची एकोणीस वर्षं पूर्ण होण्याआधी, तो क्लबच्या मैदानावर हेन्रीला रोज जवळून पाहत होता. पुढच्याच वर्षी तो किलकेनीच्या संघात आला, आणि 2015 मध्ये, हेन्री निवृत्त झाला त्याच वर्षी, आयर्लंडचा सर्वोत्तम हर्लिंगपटू ठरला.